तुंगबाईंची म्हैस

पिंपरी स्टेशनबाहेर आता मोबाइलची दुकानं आहेत. बासष्ट साली त्या जागी पत्र्याच्या छपराची सहा दुकानं होती. पाचव्या दुकानाच्या पाटीवर दातांची कवळी रंगवलेली होती. ते दातांच्या तुंग या चिनी डॉक्टरांचं. मागच्या दोन खोल्यांत डॉक्टर, त्यांची बायको आणि लान नावाची सात वर्षांची मुलगी राहायची. त्यांच्या भिंतीला भिंत लावून आमची खोली. माझे मालक भीमराज एका कंपनीत टूलरूमला फिटर होते. मी औषधांच्या कंपनीत बाटल्या भरायच्या खात्यात होते.

आमच्या घरात बुद्धाची तसबीर येऊन सहा वर्षं झाली होती. तुंगबाईंच्या घरात ती त्यांच्या आज्जीच्या आज्जीपासून होती. पौर्णिमेला मी मेणबत्ती लावायला घेतली की तुंगबाई दारात येऊन उभ्या राहायच्या. त्यांचं मराठी भाजीबाजारात शिकलेलं होतं. "सोजर, तुझा नवीन, माझा जुना. आहे एकच," असं म्हणून हसायच्या. शेजार जुळायला तेवढं पुरलं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला चीनशी लढाई सुरू झाली आणि डॉक्टरांच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं. पेशंट यायचे थांबले. दुखता दात घेऊन माणसं पुण्याला जायला लागली, पण पाच पावलांवरच्या डॉक्टरांकडे फिरकेनात. ज्यांच्या तोंडात त्यांनीच बसवलेल्या कवळ्या होत्या, ते त्याच कवळ्यांनी त्यांना शिव्या द्यायचे. भीमराज मात्र मुद्दाम एक चांगला दात दाखवायला गेले. डॉक्टर म्हणाले, "भीमराव, याला काही झालेलं नाही." हे म्हणाले, "व्हय, पण तपासाल तर खरं."

घर चालवायला तुंगबाईंनी जेडच्या वस्तू विकायला काढल्या. कोरीव दगडाच्या लहान लहान वस्तू होत्या त्या: मासा, फूल, पट्ट्याचा आकडा. जेड हा शब्द मला नंतर कळला, त्या नुसतं 'यू' म्हणायच्या. एकटीनं पुण्याला जायची त्यांना भीती वाटे, म्हणून रविवारी मी बरोबर जायची. वस्तू माझ्या जेवणाच्या डब्यात, वर दोन भाकऱ्या. पुण्याच्या लष्कर भागात फ्रामजीशेठ नावाच्या पारशाचं जुन्या सामानाचं दुकान होतं, तिथे ती विक्री चाले.

मी स्टुलावर बसून बघत राहायची. फ्रामजीशेठ वस्तू आधी डोळे मिटून हातात घ्यायचे, मग गालाला लावायचे. खरा दगड थंड लागतो आणि लवकर ऊन होत नाही. मग सुईचं टोक तळाशी ओढून बघायचे. काच असली तर ओरखडा उठतो, यावर उठत नाही. शेवटी भिंग लावून कोरलेल्या खाचांमध्ये बघायचे. तिथे त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

"शेठ, खाचेत काय असतं?" एकदा मी विचारलं.

"हात असतो, बाई," ते म्हणाले. "वरून कोणपण चकचकीत करेल. खाचेमधी ज्याने घासला त्याचा हात राहते. जुना हात वेगला, नवा वेगला."

जेड हिरवंच असतं असं मला वाटायचं. सगळ्यात भारी जेड पांढरं, लोण्यासारखं, हे मी तिथे ऐकलं. मला तो छंदच लागला. घरी येताना रेल्वेत तुंगबाई माझ्या तळहातावर कधी न विकलेली वस्तू, कधी काचेचा मणी ठेवायच्या आणि वरून ओढणी टाकायच्या. न बघता सांगायचं, खरी की खोटी. दहातल्या सहा मला जमायला लागल्या होत्या.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी कलकत्त्याला डॉक्टरांच्या भावाकडे जायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी तुंगबाई माझ्याकडे आल्या. हातात निळ्या कापडाची पिशवी होती, मुठीएवढी, चारी बाजूंनी शिवलेली.

"यात म्हैस आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या आईच्या आईची. वाटेत झडती होते, सोजर. घेतली तर परत मिळणार नाही. तू ठेव. मी येईन, नाही तर लान येईल."

"बघू तरी कशी आहे?"

"नको. मी शिवली, मीच उसवणार. जिच्या हातात राहते तिची होते ती. मला माझीच परत पाहिजे."

पिशवी उसवणार नाही अशी मी शपथ घेतली. भीमराजांनीही घेतली. त्यांनी कंपनीतून आणलेल्या जाड पत्र्याची एक पेटी केली, कडी बसवली आणि पिशवी त्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती तिघं गेली. स्टेशनवर पोचवायला आम्ही दोघंच होतो.

पुढची काही वर्षं त्यांचं नवीन वर्षाचं कार्ड यायचं. मग तेही बंद झालं. आम्ही संत तुकाराम नगरात राहायला गेलो तेव्हा मी कलकत्त्याच्या पत्त्यावर नवा पत्ता कळवला. पेटी आमच्याबरोबर आली. ती मी उघडली नाही.

माझं बघणं मात्र सुटलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी जुन्या बाजारात जायची. लोखंडी सामान, फुटकी घड्याळं, पितळी नळ यांच्या ढिगात कधीतरी एखादी कोरीव वस्तू निघायची. पारशांची जुनी घरं मोडली की चीनहून आलेलं सामान तिथपर्यंत वाहत यायचं. पहिल्यांदा मी मोठ्या दिमाखानं एक हिरवं पदक आणलं. भीमराजांनी ते खिडकीशी धरलं आणि आत बुडबुडे दाखवले.

"सोजर, बाटलीची काच हाय ही. तुझ्या कंपनीत अशा बाटल्या दिवसाला हजार फुटत्यात. सांगितलं असतं तर टोपलीभर आणली असतीस."

दुसरी वस्तू खरा दगड निघाला, पण जेड नव्हे. तिसरीला रंग दिलेला होता, तो भेगांमध्ये साचून राहिला होता. चौथी मी फ्रामजीशेठना नेऊन दाखवली. त्यांनी ती गालाला लावली, भिंगातून बघितली आणि म्हणाले, "चहा घेशील?" त्यांनी कुणाला चहा विचारणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. घरी येईपर्यंत मी रस्त्यानं हसत होते.

बारा-तेरा वर्षांत सात वस्तू जमल्या. एक मासा, एक अर्धं फुलपाखरू, डोकं तुटलेला एक आकडा आणि अशाच आणखी चार. शेजारच्या बायका म्हणायच्या, "सोजरबाई, दगड जमवता होय?" मी म्हणायची, "हो, तुमची भांडी आहेत तसे माझे दगड." मनात वाटायचं, आता मला कळतं. त्या वाटण्यानंच पुढचं सगळं घडवलं.

शहात्तरच्या पावसाळ्यात आमच्या स्लॅबची एक बाजू गळत होती. पेटी माळ्यावर होती. गणपतीच्या सुमाराला मी ती खाली काढली तर तळ ओला, कडी गंजलेली आणि निळ्या पिशवीवर तांबडे डाग पसरलेले. लानला मी काय दाखवणार होते?

"उसव," भीमराज म्हणाले. "शपथ मोडली तर मोडू दे. आत वस्तूच गेली तर शपथ काय चाटायचीय?"

मी उसवली. आत म्हैस होती. पाय दुमडून बसलेली, मान मागे वळवलेली, लोण्यासारखी पांढरी. इतका चांगला दगड मी फ्रामजीशेठच्या दुकानातही पाहिला नव्हता. आणि तिच्या पाठीवर, मानेपासून शेपटीपर्यंत, तांबूस तपकिरी डाग होता. पिशवीवर होता तसाच.

मी रिठ्यानं धुतली. लिंबू चोळलं. चिंचेत रात्रभर ठेवली. डाग तसूभर हलला नाही. लिंबानं न निघणारा गंज कसा असेल, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. खोट्या वस्तू ओळखायला मी तेरा वर्षं शिकले होते. खऱ्या दगडाला स्वतःची तपकिरी साल असते, तसा तुकडा माझ्या हातात कधी आलाच नव्हता. आणि फ्रामजीशेठना विचारायला जावं, तर म्हैस दुसऱ्याला दाखवायची मला लाज वाटत होती. पेटी गळक्या माळ्यावर ठेवली, हे सांगावं लागलं असतं.

भीमराजांनी नखानं डाग खरवडून बघितला. "आत मुरलाय. पण गंज म्हंजे गंज. तो ठेवला की खात जातो. मी काढतो."

त्यांचं कामच ते होतं. टूलरूममध्ये डायला, म्हणजे साच्याला, आरशासारखी चमक आणायला हिऱ्याची भुकटी घातलेली पेस्ट वापरायचे आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत ते म्हशीवर काम करत होते. भाकरी एका हातात आणि म्हैस दुसऱ्या, असं त्यांचे सोबती सांगायचे. डाग कांद्याच्या सालीएवढाच जाड होता. तो गेल्यावर खालून निघालेला पांढरा दगड बाकीच्या अंगाशी जुळेना, म्हणून त्यांनी सगळी म्हैसच घासली. पोटाखालच्या, कानांमागच्या खाचांतल्या बारीक आडव्यातिडव्या रेघाही काढल्या. त्यांना त्या कुणा आळशी कारागिराच्या चुका वाटल्या.

घरी आणून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. खिडकीचे गज तिच्या पाठीत दिसत होते.

"आता येऊ दे तुझ्या तुंगबाईला," ते म्हणाले. "ओळखायची न्हाई ती."

मी नवीन निळं कापड आणलं आणि पिशवी पहिल्यासारखी शिवली.

एकोणऐंशीच्या जानेवारीत लानचं कार्ड आलं आणि पाठोपाठ ती आली. चोवीस वर्षांची, कापलेले केस, हातात बॅग. दारात उभी राहून म्हणाली, "काकू, मी ओळखू येते?" तिचं मराठी पिंपरीच्या शाळेत दुसरीपर्यंतचं, तिथेच थांबलेलं. मी तिला जवळ घेतलं. डॉक्टर सहा वर्षांपूर्वी वारले होते. तुंगबाईंना छातीचा आजार होता, त्या अंथरुणावर होत्या. लानच्या चुलतभावांनी कॅनडाची तयारी केली होती आणि आई गेली की तीही जाणार होती. ते ती इतकं सरळ बोलली की मला पाणी प्यावं लागलं.

"आई दुसरं काही मागत नाही," ती म्हणाली. "म्हैस मागते. रोज. हातात घेऊन मरायचं आहे तिला."

मी पिशवी काढून दिली. लाननं ती बोटांनी चाचपली. "आईनं शिवलेली?"

भीमराज खुर्चीत पुढे सरकले. "त्याचं असं झालं पोरी, मधी पाऊस..."

"अहो, चहाचं बघा जरा," मी म्हणाले.

त्यांच्या मागोमाग आत जाऊन मी हळूच सांगितलं, "कशाला सांगता? आजारी बाई आहे. आपण नीट ठेवली नाही म्हणून उगाच जिवाला लावून घेईल. वस्तू तर पहिल्यापेक्षा चांगली झालीय."

"सांगावं, सोजर. आपण केलंय ते सांगावं."

"मला कळतं त्यातलं," मी म्हणाले.

त्यांनी चहा गाळला. बाहेर येऊन मी लानला माझ्या सात वस्तू दाखवल्या. मासा तिच्या गालाला लावला. खरं कसं ओळखायचं, बाजारात लोक कसे फसतात, पांढरं जेड किती दुर्मिळ, सगळं सांगितलं. तिच्या आईनंच मला शिकवलं, हे कौतुकानं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली.

पाच आठवड्यांनी रजिस्टर पार्सल आलं. आत कापसात म्हैस आणि वहीच्या पानावर पत्र. अक्षर दुसरीतल्या मुलीचं. ते पत्र मला पाठ आहे.

'काकू, आईने पिशवी स्वतः उसवली. म्हैस हातात घेतली. खूप वेळ बघितली. मग खाली ठेवली आणि म्हणाली, ही आपली नाही. आपल्या म्हशीच्या पाठीवर चिखल होता. दगडाचाच होता. ती चिखलातून उठून आली होती. मी म्हणाले काकू तशा नाहीत. आई म्हणाली, धागा पण माझा नाही. मी तिला तुमच्या वस्तूंबद्दल आधीच सांगितलं होतं, तिला आवडेल म्हणून. ती म्हणाली, सोजरला आता किंमत कळते. मग म्हैस पुन्हा मागितली नाही. नऊ दिवसांनी गेली. तिने सांगितलं होतं, ज्याची त्याला परत दे. म्हणून पाठवते. लान.'

मी भामा नदीकाठची. लहानपणी पाटलांच्या म्हशी डोहात नेऊन धुणं हे माझं काम होतं. उन्हाळ्यात म्हैस चिखलातून उठते आणि पाठीवर तो चिखल वाळतो, तेव्हा त्याचा नेमका रंग कसा दिसतो, हे मला जितकं माहीत तितकं कलकत्त्यात कुणाला माहीत असणार? त्या कारागिरानं तपकिरी साल बघितली आणि त्याला म्हैस दिसली. मी म्हैस बघितली आणि मला गंज दिसला.

मी म्हैस घेऊन फ्रामजीशेठकडे गेले. ते आता फार म्हातारे झाले होते. एक कागद लिहून घ्यायचा, की वस्तू जुनी आहे, फक्त वरून घासली गेली, एवढंच माझ्या मनात होतं. तो कागद मी लानला पाठवणार होते. त्यांनी डोळे मिटून म्हैस हातात घेतली, गालाला लावली, मान हलवली. मग भिंग घेऊन खाचांमध्ये बघत बसले.

"दगड फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "काम नवा. पाच-सात वर्षांचा."

"नाही शेठ, जुनी आहे. तुंगबाईंच्या आज्जीची. माझ्या मालकांनी घासली."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "असेल. पण यात आता लिहिलेला नाही, बाई. मी काय बघून सही करू?"

घरी येऊन मी भीमराजांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते कंपनीतून डबाभर लोखंडाचा कीस घेऊन आले आणि व्हिनेगरमध्ये भिजत घातला. त्यात चहाचं पाणी ओतलं. म्हैस त्यात बुडवून ठेवली. चार दिवसांनी काढली, पुसली, पुन्हा ठेवली. तिला तपकिरी रंग काही चढत नव्हता. त्यांनीच तिची कातडी इतकी घट्ट, इतकी गुळगुळीत करून ठेवली होती.

"अहो, पुरे," मी म्हणाले. "चढलं तरी ते खोटंच."

"मग काय करू ते सांग!" ते ओरडले. आमच्या सगळ्या संसारात ते माझ्यावर तेवढे एकदाच ओरडले. ओरडायला हवं होतं ते मी सांगू दिलं नाही त्यावर. त्यावर त्यांनी जन्मात अवाक्षर काढलं नाही.

त्यांनी पत्र लिहिलं. स्वतःच्या हातानं, कंपनीतल्या अर्जाच्या पद्धतीनं. 'मी भीमराज, लिहून देतो की सदर म्हैस तीच आहे. माझ्या अज्ञानाने गंज समजून मी डाग काढला. बायकोचा दोष नाही.' मी खाली लिहिलं, दोष माझाच आहे, यांना सांगायचं होतं, मी गप्प केलं. रजिस्टरनं पाठवलं. दीड महिन्यांनी पाकीट न फोडता परत आलं. पत्ता सोडून गेले, असा शेरा होता. पुण्यातल्या एका चिनी माणसाच्या चपलांच्या दुकानात मी विचारलं. दुकानदार सभ्य माणूस होता. म्हणाला, "बहनजी, कॅनडा बहुत बडा है." पुढे दोनदा मी त्याच्याकडे गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकान दुसऱ्या कुणाचं होतं.

माझ्या सात वस्तू मी फ्रामजीशेठच्या भाच्याला देऊन टाकल्या. त्यानंतर जुन्या बाजारात मी गेले नाही. म्हैस मात्र देता येईना. माझी असती तर दिली असती.

लान जिथे असेल तिथे तिलाही मुलं असतील. त्यांना ती सांगत असेल, पिंपरीला एक काकू होती, ती चांगली होती, पण. त्या 'पण'च्या पुढे जे आहे ते खोटं आहे आणि ते खोटं आहे हे ठाऊक असलेली, भीमराज गेल्यापासून, मी एकटीच.

त्र्याऐंशी साली भीमराज रिटायर झाले. कंपनीच्या कँटीनमध्ये समारंभ होता. बाकं मांडली होती, बायकांना पुढे बसवलं होतं. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. मग त्यांच्या खात्याचे फोरमन दत्तोबा बोलायला उभे राहिले. दत्तोबा मोकळा माणूस, यांच्यावर जीव होता त्यांचा.

"भीमरावांसारखा हात या कारखान्यांच्या बेल्टात दुसरा न्हाई," ते म्हणाले. "त्यांच्याकडं गेलेली वस्तू परत आली की आधी कुणी तिला हात लावला होता ते देवालाबी सांगता यायचं न्हाई!"

सगळं कँटीन हसलं. भीमराज नारळ धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. शेजारच्या बाईनं मला कोपर मारलं, "अहो सोजरबाई, वाजवा की, तुमच्याच मालकांचं कौतुक चाललंय." मी टाळ्या वाजवल्या.